ओढणं वेगळं, उचलणं वेगळं

तुम्हाला वाटलं असेल, आता फोन वाजणार. असल्या लेखात पहिल्याच ओळीत फोन वाजतो, हातातला चहा सांडतो आणि बाहेर आभाळ भरून येतं. सॉरी. माझा फोन चार्जिंगला लावला होता, चहा कधीच संपवला होता आणि वाशीत त्या दुपारी असलं ऊन होतं की कुत्री एटीएममध्ये जाऊन झोपली होती. मी एका भांड्यांच्या दुकानाबाहेर माईक घेऊन उभा. तोच आपला धंदा. सेल लागला की दुकानदार मला बोलावतात आणि मी वेगवेगळ्या आवाजांत गिऱ्हाईक गोळा करतो. शाळेतल्या हेडमास्तरांच्या आवाजात कुकर विकतो, नव्या सुनेच्या आवाजात कढई, सासूच्या आवाजात झाकण. गर्दीत मला हरेशशेठ दिसले. हरेशशेठ म्हणजे तळवलीतले आमचे घरमालक, मूळ त्याच गावचे आगरी, माझ्या भंगारातल्या भंगार जोकवर मांडी थोपटून हसणारा माणूस. ते हसत नव्हते. मी मिक्सरचा आवाज काढला, आत खोबरं अडकल्यावर येतो तसला. तो त्यांचा एकदम फेव्हरेट. तरी नाही हसले. मग मी माईक बंद केला आणि विचारलं, "नाना?" त्यांनी नुसती मान हलवली.

आता म्हणाल, हा तिथेच रडला असेल. ते नंतर... त्या क्षणी डोक्यात आलं ते भलतंच. म्हटलं, बापरे, आता नानांना उचलणार. आणि नानांना उचललेलं अजिबात चालत नाही.

सर्जेराव नाना साताऱ्याकडचे. मीपण तिकडचाच, तालुक्याच्या शाळेत निम्मा वेळ वर्गाबाहेर उभा राहून शिकलेला. नाना तरुणपणी इकडे आले आणि कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर पोती वाहायला लागले. एक दिवस पोत्यांची अख्खी थप्पी अंगावर आली आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. दुसरा कुणी गाव गाठून ओट्यावर बसला असता. नानांनी एका मेकॅनिकला धरलं, आपल्या जुन्या मोटरसायकलला मागे एकाच्या जागी दोन चाकं बसवून घेतली, पायातला ब्रेक हातात आणला, मागे एक जाडजूड लोखंडी पेटी ठोकली आणि रिकाम्या पोत्यांचा धंदा चालू केला. मार्केटातून पोती घ्यायची, माईंनी म्हणजे त्यांच्या बायकोने ती घरी शिवायची, आणि नानांनी ती परत विकायची. ती तीन चाकांची गाडी तुर्भ्यापासून पनवेलपर्यंत सगळ्या टपऱ्यांना आवाजावरून कळायची. मला मात्र तो आवाज जमेपर्यंत घाम फुटला होता. मध्येच एक उचकी यायची तिला, ती कुठे टाकायची तेच कळायचं नाही.

मी बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलो त्या दिवशी लिफ्ट बंद होती. जिन्यात हे गृहस्थ पायरीवर बसलेले. कुबड्या मांडीवर, तोंड उतरणीकडे, पाठ वरच्या पायऱ्यांकडे, आणि हातांवर जोर देऊन बसल्या-बसल्या एकेक पायरी वर सरकत होते. सरकता सरकता पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना सांगत होते की कांदा आज घेऊ नका, परवा उतरेल. मी पडलो मूल्यशिक्षणाच्या तासाला पहिल्या बाकावर बसणारा. मागून गेलो आणि सरळ त्यांच्या काखेत हात घातले. तर मान वळवून म्हणाले, "हात काढ. मी काय बटाटं हाय?" ओरडले नाहीत. मला खरंच तशी शंका असावी आणि ती त्यांना मिटवायची असावी, अशा सुरात विचारलं. मग मला काय सुचलं देव जाणे, मीपण त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो आणि बुडाने सरकत निघालो. दुसऱ्या मजल्यावर ते म्हणाले, तुला दोन पाय दिलेत की देवानं, तू कशाला पँट घासतोस? मी त्यांच्याच आवाजात म्हटलं, "मी काय बटाटं हाय?" नाना इतके हसले की कुबडी घरंगळत पार खाली गेली. ती आणायला मलाच पाठवलं. तेव्हापासून माझं नाव नकल्या.

माईंना मात्र माझे आवाज बिलकुल पसंत नव्हते. कुकरची शिट्टी काढली की त्या गॅस बंद करायला धावायच्या आणि कळल्यावर लाटणं घेऊन बाहेर यायच्या. त्या मला नकल्या न म्हणता माझ्या नावानेच झापायच्या. सुम्या, तोंडाला जरा इसावा दे, हे वाक्य मी त्या घरात चहापेक्षा जास्त वेळा घेतलं असेल.

एकदा मी नानांना विचारलं होतं की उचललं तर बिघडलं काय. लोक प्रेमाने उचलतात. त्यांनी हातातल्या पोत्याची घडी केली, ती बाकीच्यांवर ठेवली. मग म्हणाले, "हयातभर पोती उचालली मी. पोत्याला कुनी इचारत न्हाई, बाबा कुठं जायचं तुला." विषय संपला. मी त्यावर जोक शोधला, खरंच शोधला... मिळाला नाही.

चैत्रात त्यांच्या गावची यात्रा असते. वेशीपासून देवळापर्यंत रस्ता गर्दीने भरलेला, तिथे कार शिरत नाही. नाना दर वर्षी तीन चाकांवरून दोन्ही घाट चढून जायचे, वाटेत एका पाहुण्याकडे मुक्काम टाकून, आणि त्याच गाडीवरून भोंगा वाजवत देवळापर्यंत. मागच्या वर्षी गाडीने पुण्यापुढे मान टाकली. पुतण्यांनी कार पाठवली आणि वेशीवर नानांना खुर्चीत बसवून उचलून नेलं. पोरांचा हेतू चांगलाच होता. नाना परत आले. मग एकदा चहा पिताना स्वतःच म्हणाले की अरे, खुर्ची बघून दोन म्हाताऱ्या माझ्या पाया पडल्या, त्यांना वाटलं पालखीच आली. आम्ही हसलो. ते नाही हसले. त्यानंतर थंडीत त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं आणि डॉक्टरांनी सांगितलं की लांब गाडी चालवायची नाही, घाट तर विसराच. पुतण्यांचा फोन आला, काका काळजी नको, खुर्ची रंगवून ठेवलीय.

नानांनी फोन ठेवला आणि हरेशशेठना वर बोलावलं. प्लॅन सोपा होता. हरेशशेठची जीप, जीपच्या मागे ट्रेलर, ट्रेलरवर नानांची गाडी. घाट जीप चढेल, नाना जीपमध्ये पुढे बसतील. वेशीवर गाडी उतरवायची आणि तिथून देवळापर्यंत नाना स्वतः. तेवढंच अंतर, पण स्वतः. टेम्पो का नाही, असं मी विचारलं. टेम्पोचा हौदा उंच असतो, नाना म्हणाले, तिथं गाडीबरोबर मलापण चार जन वर टाकतील. ट्रेलर पायजे बुटका. गाडीवर बसून मी वर जाईन, गाडीवर बसून खाली येईन. अट एकच, कुणी हात लावायचा नाही.

मग आमची ट्रेलर बघायची वारी... नाही, हा शब्द मी मागे घेतो. कार्यक्रम म्हणू. मुलगी बघायला जातात तसे आम्ही तिघं रविवारी कडक इस्त्री करून जायचो. पहिला ट्रेलर खारघरला, बुलेटवाल्या पोरांच्या ग्रुपचा. चकाचक. पण मधोमध एकच पन्हाळ, त्यात पुढचं चाक आणि मागचं चाक एका रांगेत बसायचं. नानांनी त्याच्याकडे बघितलं, मग आपल्या मागच्या दोन चाकांकडे बघितलं आणि त्या पोराला प्रेमाने विचारलं, ही दोघं काय पळत येणार का मागनं? दुसरा कळंबोलीला, लोखंडाच्या गोदामात. त्यावर रोडरोलर मावला असता. आणि तो ओढायलापण रोडरोलरच लागला असता, कारण त्यासाठी हरेशशेठच्या जीपला दुसरा जन्म घ्यावा लागला असता. तिसरा उरणला, हरेशशेठच्या मेव्हण्याचा, बोट नेण्याचा. त्याला तळच नव्हता, नुसता सांगाडा आणि मध्ये रबरी रोलर. हरेशशेठ स्वतःच म्हणाले, "नाना, यो बोटीचा हाय. यावर बोट बसते, तुमची गारी नाय बसाची." पण त्या ट्रेलरच्या पुढे हँडलवालं एक चाक होतं, विहिरीवरच्या रहाटासारखं, बोट पाण्यातून वर ओढायला. नानांनी ते उगाच दोनदा फिरवून बघितलं. कट-कट-कट वाजलं. मी लगेच तोंडाने काढून दाखवलं. मेव्हण्याने आम्हाला कोळंबी खाऊ घातली आणि आम्ही परत आलो.

असे कितीतरी रविवार गेले. नानांनी तेवढ्यात काय काय ठरवलं होतं सांगतो. ट्रेलर मागच्या दोन चाकांपेक्षा रुंद पाहिजे, कारण आम्ही पहिल्यांदा येड्यासारखं हँडलचं माप घेऊन हिंडत होतो. जमिनीला जवळ पाहिजे. फळ्या लांब पाहिजेत, नाहीतर चढ उभा होतो आणि वर पोचता पोचता गाडीचं पोट घासतं. कागद आणि नंबर प्लेट पाहिजे. आणि इतकं सगळं पाठ झाल्यावर एका संध्याकाळी हरेशशेठच्या मागच्या अंगणात आम्ही निराश होऊन बसलो असताना नाना समोरच्या दुधीच्या वेलाकडे बघत म्हणाले, शेट, ह्यो येल कशावर चढलाय? वेलाखाली ट्रेलर होता. हरेशशेठ पूर्वी लग्नाच्या हळदींना जनरेटर भाड्याने द्यायचे, तो त्याचा. बुटका, रुंद, सपाट. कागदपत्रंसुद्धा होती. घरमालक स्वतःच्याच परसात उभं असलेलं स्थळ सोडून आम्हाला उरणपर्यंत फिरवत होता. वर म्हणतो, "मना वाटला, त्यो दुधीचा मांडव हाय."

ट्रायलला अख्खी बिल्डिंग खाली. नानांनी मार्केटातून हमालांच्या फळ्या आणल्या होत्या, ज्यांवरून पोती घेऊन ट्रकात चढतात त्या. तीन फळ्या, तीन चाकांना. नाना गाडीवर बसले, पहिला गिअर टाकला आणि कुणीही हात न लावता वर. पुढचं चाक ट्रेलरच्या पुढच्या पट्टीला नेऊन टेकवलं. मार्केटात ट्रक असाच भरतात, पहिला माल पुढे हौद्याला चिकटवून, म्हणजे हलत नाही. टाळ्या पडल्या. नाना कठड्याला धरून आपले आपण उतरले, गाडी दोरांनी बांधली आणि आम्ही ठाणे-बेलापूर रोडला लागलो. जरा स्पीड घेतला आणि मागे बघतो तर ट्रेलर नाचतोय. आधी कंबर, मग पूर्ण अंग. हळदीत वाढला होता ना. जीपचं बूडपण हलायला लागलं. हरेशशेठनी हळूहळू वेग कमी करत बाजूला घेतली. नाना उतरले, ट्रेलर जीपच्या हुकातून सोडवला आणि त्याचा पुढचा दांडा एका हाताने वर केला. अलगद वर आला. सगळं वजन मागे होतं. गाडीची दोन चाकं, आस, लोखंडी पेटी, सगळं शेपटाला. ट्रकाला त्याचं काही नसतं. दोन चाकांच्या ट्रेलरचा मात्र सी-सॉ होतो. हरेशशेठना तेव्हा आठवलं की जनरेटर ठेवतानापण जड बाजू हुकाकडे ठेवायचे. म्हणाले, नाना, गाडी उलटी चढवा, पेटी पुढं.

नानांनी दांडा हळूच खाली टेकवला. मला कळायला जरा वेळ लागला. मोटरसायकलला रिव्हर्स गिअर नसतो. उलटी चढवायची म्हणजे चार जणांनी ढकलायची, आणि नाना वर बसलेले असतील तर नानांसकट. परत तेच, पालखी. परत येताना त्यांनी एकदाच तोंड उघडलं. म्हणाले, राहू दे यंदा. साध्या आवाजात. तो आवाज मला नीट काढता येतो आणि मी तो कधीच कुणापुढे काढलेला नाही.

घरी माई पोती शिवत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि सुई न थांबवता विचारलं, ते उरणचं बोटीचं चाक काय झालं? मी घरी येऊन कट-कट काढून दाखवलं होतं तेव्हा लाटणं दाखवलं होतं मला. पण लक्षात ठेवलं होतं. मेव्हण्याने चाक दिलं, वेल्डरने ते ट्रेलरच्या पुढे बसवलं, दोर गाडीच्या मागच्या आसाला बांधला. नाना आधी मान्य करेनात. ह्येपन उचालनंच की, म्हणाले. त्यावर दोघांचं स्वयंपाकघरात काहीतरी झालं. बाहेर आले ते फर्मान काढूनच. "ओढनं येगळं, उचालनं येगळं. बोट काय कुनी खांद्यावर नेत न्हाई." हँडल कोण फिरवणार? मी बाह्या सरसावल्या. तू नको, म्हणाले, तू हसवशील आन् माझा ब्रेक सुटंल. हरेशशेठ पुढे झाले. तेवढ्यात माईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, सरका.

ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला माई हँडल फिरवताहेत. नाना त्यांच्याकडे पाठ करून गाडीवर बसलेले, दोन्ही हात हँडलवर, बोटं ब्रेकवर, तोंड आमच्याकडे. गाडी उलटी, इंच इंच वर चाललीय आणि मागचं त्यांना काही दिसत नाही. माई सांगताहेत, डावीकडं, जरा डावीकडं, आता सरळ ठिवा. आणि हा माणूस, ज्याने मुकादमाचं ऐकलं नाही, डॉक्टरचं ऐकलं नाही, निमूटपणे डावीकडे घेतोय. टेन्शन इतकं की अख्खी बिल्डिंग श्वास रोखून. मला ते सहन होईना, तर मी तोंडाने ट्रक रिव्हर्स घेताना वाजतो तो आवाज चालू केला. टुंग टुंग टुंग. नानांचे गाल थरथरले. मागून माई ओरडल्या, सुम्या, गप. पण नाना तिकडूनच म्हणाले, "वाजू दे. मला मागचं दिसत न्हाई. आवाज आला म्हंजे तू हायस म्हनून समजतं." हे ते मला म्हणाले की माईंना, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

यात्रेला ट्रेलर नाचला नाही. घाट जीपने चढला, नाना पुढच्या सीटवर बसून प्रत्येक वळणावर हरेशशेठना न मागितलेला सल्ला देत होते. वेशीवर पुतणे रंगवलेली खुर्ची घेऊन तयार. फळ्या लागल्या, नाना गाडीवर बसले, माईंनी हँडल हळूहळू सोडलं आणि नाना आपल्या तीन चाकांवर जमिनीला टेकले. किक मारली ती मात्र हरेशशेठनी, पण तो गाडीला हात झाला, नानांना नाही. खुर्चीपाशी एक सेकंद थांबून पुतण्यांना म्हणाले, आणलीच हाय तर काकीला बसवा, दमलीय ती. आणि भोंगा वाजवत गेले. गर्दीने वाट दिली. कुणी पाया पडलं नाही. दोघातिघांनी नुसते हात वर केले, काय सर्जेराव, आलास व्हय. त्यांना तेवढंच पाहिजे होतं. उचकी नेमकी देवळासमोर आली गाडीला. बरोबर जागेवर.

त्यानंतर महिन्याभरात नाना गेले, दुपारी झोपेत. आम्ही तळवलीतून त्यांना नेलं तेव्हा खांदा द्यायला मी होतो, हरेशशेठ होते, दोन पुतणे होते. लिफ्ट परत बंद होती. ज्या जिन्यावर ते बसून सरकत वर जायचे त्याच जिन्यावरून खाली... माझा हात त्यांच्या खांद्याखाली होता. पहिल्या मजल्याच्या वळणावर मी खरंच जरा थांबलो. म्हटलं, आता म्हणतील. हात काढ. मागचे म्हणाले, अरे चल ना. चाललो.

मागच्या रविवारी त्यांची गाडी गावाला पाठवायची होती. वेशीजवळच्या पुतण्याच्या घरात राहील ती, माईंनी ठरवलं. हरेशशेठनी ट्रेलर काढला, त्यावरचा दुधीचा नवा वेल बाजूला केला. तीन फळ्या लावल्या. सीटवर कुणी नाही म्हणून हरेशशेठ बाजूने चालत गाडीचं हँडल धरणार होते. माई पुढे गेल्या, पदर खोचला, बोटीच्या चाकाचं हँडल धरलं. कट-कट-कट. गाडी उलटी वर यायला लागली. बिल्डिंगमधले सगळे गॅलरीत उभे, कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. मी हात मागे बांधून, मान खाली घालून, शाळेत श्रद्धांजलीला दोन मिनिटं उभं करायचे तसा उभा. जन्मात पहिल्यांदा मला कळलं होतं की कुठे गप्प बसायचं, आणि त्याचा मला जरा अभिमानपण वाटत होता.

कट-कट थांबलं. वर बघितलं तर माई हँडल तसंच धरून माझ्याकडे बघत होत्या. डोळे लाल, आणि भडकलेल्या. सगळ्या बिल्डिंगसमोर मला म्हणाल्या, "सुम्या, तोंड शिवलंय का तुजं? वरीसभर माझं डोकं उठवलंस नको ते आवाज काढून, आन् आज कामाच्या वक्ताला मुका झालास? गाडी मागं येतीया, दिसत न्हाई का तुला? त्यास्नी मागचं दिसत न्हाई. काढ आवाज."